मदेराची काळी वाकटी आणि आपली वाकटी: मासळीचे आकडे कसे वाचावेत

एखाद्या माशाच्या उत्पादनाचा तक्ता हाती आला की बहुतेक जण पहिल्या वर्षाचा आकडा पाहतात, शेवटच्या वर्षाचा पाहतात, वजाबाकी करतात आणि मासा वाढला की संपत चालला याचा निकाल देऊन मोकळे होतात. मीही एकदा असाच निकाल दिला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील एका मच्छीमार सोसायटीच्या वहीत वाकटीची आवक दोन हंगामांत जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसली आणि ‘वाकटी संपत आली’ असे टिपण मी तयार केले. ते वाचून एका वयस्क तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, एवढेच विचारले, “त्या दोन वर्षांत वाकटीवर बोटी गेल्या किती, ते पाहिलंत का?” ते मी पाहिले नव्हते. त्या दोन हंगामांत म्हाकुलाला चांगला दर मिळत होता आणि बहुतेक ट्रॉलर म्हाकुलाच्या मागे होते. समुद्रात वाकटी किती होती याविषयी त्या वहीत एक अक्षरही नव्हते. जेटीवर किती उतरली, एवढेच तिथे लिहिलेले होते.

मासळीच्या आकड्यांवरून कल कसा ओळखावा, हे सोसायटीचे काम पाहणाऱ्यांना, मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि बंदरावरच्या बातम्या लिहिणाऱ्यांना उपयोगी पडावे यासाठी हे लिहीत आहे. उदाहरण म्हणून मी मुद्दाम दूरचा मासा, अटलांटिकमधील काळी वाकटी, घेतला आहे. युरोपात त्याच्यावर कित्येक दशके व्यापारी मासेमारी चालू आहे, त्याच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या आहेत, आणि तो आपल्या वाकटीचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ आहे. आपल्या माशाविषयी बोलताना मन गुंतलेले असते. दुसऱ्याच्या माशावर हात बसला की मग आपली वही उघडणे सोपे जाते.

मासा आधी ओळखून घ्यावा

या माशाचे शास्त्रीय नाव अफानोपस कार्बो. पोर्तुगीज त्याला ‘पेइश-इश्पादा-प्रेतु’, म्हणजे काळा तलवारमासा, म्हणतात आणि फ्रेंच ‘साब्र न्वार’ म्हणतात. रिचर्ड थॉमस लो यांनी १८३९ साली अटलांटिकमधील पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. आपली वाकटी आणि हा मासा एकाच ट्रायकियुरिडी कुळातले आहेत. तेच लांबट, पट्ट्यासारखे अंग, तोंडात तसेच करवतीसारखे दात, अंगावर खवले नाहीत. फरक असा की आपली वाकटी चांदीसारखी लखलखते आणि तिचे शेपूट दोऱ्यासारखे निमुळते होत जाते. काळ्या वाकटीचा रंग तांबूस झाक असलेला काळा असतो, डोळे मोठे असतात आणि शेपटीच्या टोकाला लहानसा दुभंगलेला पर असतो. हा पर आहे की नाही याला पुढे माशाची लांबी मोजताना महत्त्व येते, म्हणून तो लक्षात ठेवावा.

ही वाकटी राहते फार खोल. मदेराचे कोळी तिला साधारण हजार मीटर खोलीवर पकडतात, म्हणजे आपल्या मापाने साडेपाचशे वाव. आपले बहुतेक ट्रॉलर शंभर मीटरच्या आतच जाळे ओढतात हे ध्यानात घेतले, तर त्या खोलीची कल्पना येते. मदेरातील फुंशाल शहराच्या मंडईत ही काळी, लांब मासळी ओट्यांवर ओळीने मांडलेली असते आणि तिथल्या खाणावळींत तिचा काटे काढलेला तुकडा तळलेल्या केळ्यासोबत वाढतात. पापलेट, सुरमईच्या तोडीचा मान तिला युरोपभर कधी मिळाला नाही. आपल्याकडेही वाकटीचे तसेच आहे: सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच्याविषयी चर्चा वाढली, ती आनंदाचीच गोष्ट आहे, पण ट्रॉलरच्या खणात टनावारी येणाऱ्या, परदेशी जाणाऱ्या आणि उरलेली सुकवून घराघरांत पावसाळ्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या वाकटीकडे कोणी फारसे पाहत नाही. म्हणूनच तिची वही ठेवण्याची गरज मला अधिक वाटते.

पहिला प्रश्न: तक्त्यातले नाव एका माशाचे आहे का

आकडे वाचण्याआधी नावाची खात्री करावी. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, प्रत्येक जातीला तीन अक्षरांचा संकेत देते. काळ्या वाकटीचा संकेत बीएसएफ आहे आणि आपल्या मोठ्या वाकटीचा एलएचटी. आंतरराष्ट्रीय तक्त्यात नावापेक्षा संकेताने शोधावे, कारण नावे भाषेप्रमाणे बदलतात.

तरीही संकेत एक असला म्हणजे मासा एक असतोच असे नाही. मदेरा आणि अझोरेस या पोर्तुगीज बेटांच्या पाण्यात काळ्या वाकटीबरोबर तिच्यासारखीच दिसणारी अफानोपस इंटरमीडियस ही दुसरी जात राहते. बंदरावर दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात, त्यामुळे जुन्या नोंदींत दोघींची बेरीज झालेली आहे. आपल्याकडे हा घोळ अधिकच आहे. ‘वाकटी’ या एका शब्दात ट्रायकियुरस लेप्टुरस ही मोठी वाकटी येते, आणि किनाऱ्याजवळ, विशेषतः प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यात, सापडणाऱ्या लेप्टुराकँथस सावला आणि युप्लुरोग्रामस म्युटिकस या लहान जातीही येतात. डोलीची आणि ट्रॉलरची वाकटी एकाच रकान्यात लिहिली, तर एका जातीची घट दुसरीच्या वाढीखाली झाकली जाते आणि दहा वर्षांनंतर ती वेगळी काढायला काहीच साधन उरत नाही.

दुसरा प्रश्न: आकडा कोणत्या पाण्यातला आहे

एफएओने जगातील समुद्रांचे क्रमांकांनी भाग पाडले आहेत. ईशान्य अटलांटिकचा क्रमांक २७, मध्यपूर्व अटलांटिकचा ३४, आणि आपला अरबी समुद्र पश्चिम हिंदी महासागराच्या ५१ क्रमांकात येतो. मदेरा हे पोर्तुगालचे असले तरी त्याचे पाणी ३४ मध्ये पडते. ‘युरोपची काळी वाकटी’ म्हणून कोणी फक्त २७ क्रमांकाचा तक्ता उतरवून घेतला, तर जिथे ही मासेमारी सर्वांत जुनी आहे तेच बेट त्यातून गळून जाते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक मी पाहिली आहे आणि ती अगदी सहज होते.

पाण्याच्या सीमा माणसाने आखलेल्या आहेत. मासा त्या पाळत नाही. काळ्या वाकटीबद्दल शास्त्रज्ञांचे आजचे मत असे आहे की लहान मासे ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेला वाढतात, मोठे होत दक्षिणेकडे पोर्तुगालच्या उतारांवर सरकतात, आणि अंडी घालण्यासाठी मदेरा व कॅनरी बेटांच्या आसपास पोचतात. अंड्यावर आलेल्या माद्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत त्या दक्षिणेकडच्या पाण्यातच सापडतात. उत्तरेत सापडत नाहीत. म्हणून उत्तरेचा आकडा मुख्यतः वाढत्या पोरांचा आहे आणि मदेराचा आकडा आईबापांचा. तीन ठिकाणचे तीन तक्ते एकमेकांपासून वेगळे वाचले तर तीन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि एकत्र वाचले तर एकाच माशाचे आयुष्य दिसते. रत्नागिरीची वाकटी आणि गुजरातची वाकटी यांच्या बाबतीतही हा प्रश्न विचारूनच पुढे जावे.

तिसरा प्रश्न: कोणी आणि कशाने पकडली

युरोपात या माशावर तीन वेगळ्या पद्धती चालल्या आणि त्यांचा इतिहासही वेगळा आहे. मदेरात, विशेषतः कामरा द लोबुश या कोळ्यांच्या गावातून, शेकडो-हजारो गळ लावलेली दोरी पाण्यात अधांतरी सोडतात. पूर्वी ती दोरी उभी सोडत. १९८०च्या दशकात ती आडवी सोडण्याची पद्धत आली आणि एका फेरीत लावायच्या गळांची संख्या पुष्कळ वाढली. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर, लिस्बनच्या दक्षिणेकडील सेझिंब्रा बंदरातून, १९८३ साली गळाच्याच दोरीने पण समुद्राच्या उतारालगत ही मासेमारी सुरू झाली. तिसरी पद्धत फ्रेंच ट्रॉलरांची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेच्या खोल पाण्यात उतरले, आणि तिथे काळी वाकटी इतर खोल पाण्याच्या मासळीबरोबर जाळ्यात येऊ लागली.

गळावर आलेली वाकटी ही मुद्दाम पकडलेली असते. ट्रॉलच्या जाळ्यात ती सोबतीने आलेली असते. त्यामुळे ट्रॉलरचा तांडेल जागा बदलतो तेव्हा वाकटीचा आकडा बदलतो, मग समुद्रात वाकटी कमी झालेली असो वा नसो. कोकणात हीच तफावत डोल, ट्रॉल आणि थव्याला वेढा घालणारे पर्ससीन जाळे यांच्यात असते. जाळ्याचा प्रकार लिहिलेला नसलेला आकडा मी आता विश्वासाने वापरत नाही.

चौथा प्रश्न: त्या वर्षी नियम कोणता लागू झाला

तक्ता हाती घेतल्यावर त्याच्या समासात पेन्सिलीने नियमांची वर्षे लिहून काढावीत. काळ्या वाकटीसाठी मी अशी लिहितो.

२००३: युरोपीय संघाने खोल पाण्यातील मासळीवर पहिल्यांदा कोटा, म्हणजे पकडीची कमाल मर्यादा, लावला आणि तो दोन-दोन वर्षांसाठी ठरवण्याची पद्धत ठेवली. ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेच्या मोठ्या पट्ट्यासाठी काळ्या वाकटीचा पहिला कोटा साधारण ३,१०० टन होता, आणि पोर्तुगाल, बिस्केचा उपसागर व अझोरेसच्या पट्ट्यासाठी ४,००० टन. २०१०: खोल पाण्यातील मुशींचा, म्हणजे शार्कचा, कोटा शून्यावर आला. २०१७: खोल पाण्यातील मासेमारीचा नवा कायदा लागू होऊन ८०० मीटरच्या खाली तळाला ट्रॉल ओढण्यास बंदी आली. २०२२: तळावरची नाजूक प्रवाळे आणि स्पंज यांच्या रक्षणासाठी अटलांटिकमधील ८७ जागा तळाला टेकणाऱ्या साधनांना बंद करण्यात आल्या.

ही वर्षे समासात आली की तक्त्याचा अर्थ बदलतो. फ्रेंच ट्रॉलरांनी आणलेली काळी वाकटी पुढे कमी होत गेली. पण कोटा आवळला गेल्याने, नंतर ८०० मीटरची सीमा आल्याने, आणि डिझेलच्या खर्चात खोल पाणी परवडेनासे झाल्याने तिथे जाणारी जहाजेच घटली. उतरलेली मासळी कमी झाली याचा अर्थ इथे मासा कमी झाला असा काढता येत नाही. मदेराच्या बाजूला जरा वेगळे चित्र आहे. तिथल्या युरोपीय कोट्याचा आकडा २०१०च्या सुमारास चार हजार टनांच्या वर होता, तो टप्प्याटप्प्याने उतरवून २०१८ साठी सुमारे २,२०० टनांवर आणला गेला. इथे कोटा उतरत गेला तो तिथली आवकच घसरत चालल्याच्या काळजीने. दोन्ही ठिकाणी रेषा खालीच जाते, पण कारणे वेगळी आहेत, आणि रेषा पाहून ती ओळखू येत नाहीत.

मुशींबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तक्त्यातील शून्य किती फसवे असते हे त्यातून दिसते. काळ्या वाकटीच्या गळावर खोल पाण्यातील मुशीही लागतात. कोटा शून्य झाल्यावर त्या बंदरात उतरेनाशा झाल्या, पण गळाला लागणे काही थांबले नाही. हजार मीटरवरून ओढून वर आणलेली मुशी परत टाकली तरी क्वचितच जगते. अखेर २०१७ आणि २०१८ साठी काळ्या वाकटीवरील पारंपरिक गळ-मासेमारीला वर्षाला दहा टन मुशी उतरवण्याची छोटी मुभा देण्यात आली, म्हणजे निदान काही नोंद तरी कागदावर येऊ लागली. आपल्याकडे फिशमीलच्या कारखान्यात जाणाऱ्या बारीक मासळीचे असेच होते. त्या ढिगात वाकटीची किती पिल्ले होती हे कोणत्याच पावतीवर येत नाही.

पाचवा प्रश्न: किती श्रमांत इतकी मासळी आली

माझ्या टिपणात चूक झाली होती ती इथेच, म्हणून यावर जास्त लिहितो.

समजा एका सोसायटीच्या बोटींनी पहिल्या हंगामात सगळ्या मिळून ४०० दिवस मासेमारी केली आणि ६०,००० किलो वाकटी आणली. दिवसाला १५० किलो झाली. तिसऱ्या हंगामात वाकटी ३०,००० किलोच आली, पण बोटी तिच्यावर फक्त १५० दिवस गेल्या होत्या. म्हणजे दिवसाला २०० किलो. एकूण आवक निम्म्यावर आली आणि दिवसाची आवक मात्र वाढली. ‘वाकटी संपत आली’ हे वाक्य इथे लिहिणे सरळ चुकीचे ठरते.

दिवसांची नोंद नसेल तर डिझेलची असते. सोसायटीमार्फत मिळणाऱ्या करपरताव्याच्या डिझेलचे हिशोब बोटीप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे ठेवलेले असतात. एक लिटर डिझेलमागे किती किलो वाकटी आली, हा आकडा दिवसांच्या आकड्याइतका चोख नसला तरी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. फक्त बोटी अधिक लांब जाऊ लागल्या असतील तर डिझेल जाण्यायेण्यातच जळते, हे ध्यानात ठेवावे. किंबहुना तीच एक महत्त्वाची खूण आहे: पूर्वी जवळ मिळणाऱ्या माशासाठी आता दूर जावे लागते का, हे डिझेलच सांगते.

दिवसाची आवक स्थिर आहे म्हणून निश्चिंत होऊ नये, हे मात्र युरोपच्या दुसऱ्या एका माशाने दाखवून दिले. ऑरेंज रफी हा लालसर, खोल पाण्यातला मासा समुद्राखालच्या डोंगरांवर दाट थव्याने जमतो. फ्रेंच जहाजांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेला त्याच्यावर १९९१च्या सुमारास मासेमारी सुरू केली, आयर्लंडच्या जहाजांनी २००१ नंतर. एका डोंगरावरचा थवा संपला की जहाज पुढच्या डोंगरावर जाई आणि दिवसाची आवक भरपूरच दिसे. हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि पंचवीस-तीस वर्षांचा झाल्यावर अंडी घालू लागतो, त्यामुळे काढलेला थवा माणसाच्या हयातीत परत भरून येत नाही. काही वर्षांतच मासेमारी कोसळली आणि २०१० पासून युरोपीय संघाने त्याचा कोटा शून्य केला. आपली वाकटी त्या मानाने लवकर वाढते आणि लवकर अंड्यावर येते, म्हणून ती तुलना तशीच्या तशी लावू नये. पण वाकटीही थव्याने फिरते आणि आता फिशफाइंडरच्या पडद्यावर थवा दिसतो. वीस वर्षांपूर्वीचा मासेमारीचा एक दिवस आणि आजचा एक दिवस सारखा नाही. बोटीचे इंजिन, जाळे किंवा यंत्रे ज्या वर्षी बदलली ते वर्ष वहीत लाल शाईने लिहावे.

या बाबतीत मला सर्वांत आशादायक वाटलेली गोष्ट फ्रान्सची आहे. तिथल्या खोल पाण्याच्या ट्रॉलरांचे तांडेल स्वतःच्या वह्यांत प्रत्येक ओढीची नोंद ठेवत असत: कुठे, किती खोलीवर, किती तास, काय आले. या खाजगी वह्या त्यांनी शास्त्रज्ञांना दिल्या, आणि कोपनहेगनमध्ये मुख्यालय असलेल्या, १९०२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेच्या अभ्यासगटाने खोल पाण्यातील मासळीचा कल ठरवताना त्या वापरल्या. सरकारी नोंदवहीत जे नव्हते ते तांडेलाच्या वहीत होते. हे आपल्याकडे होऊ शकणार नाही असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

आपली वही कशी ठेवावी

साधी आखलेली वही पुरते. एका बोटीच्या एका फेरीला एक ओळ. तारीख, बोट, जाळ्याचा प्रकार, समुद्रात किती दिवस, किती वेळा जाळे टाकले, खोली किती वाव, वाकटी किती किलो, आणि दर काय मिळाला. जीपीएसवरील जागा तांडेल सांगायला तयार नसेल तर आग्रह धरू नये. ‘जयगडच्या बाहेर, पश्चिमेला’ एवढेही चालते. जागेचे गुपित फुटणार नाही असा विश्वास पहिल्या महिन्यात बसला नाही, तर दुसऱ्या महिन्यापासून आकडेही खरे मिळत नाहीत.

बंदरावर ज्या फेरीत वाकटी मुळीच आली नाही, तीही लिहावी. बहुतेक जण ती ओळ सोडून देतात आणि मग सरासरी फुगते.

आता मोजणी. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, एका बोटीच्या तीस ते पन्नास वाकट्या मोजाव्यात. क्रेट लिलावासाठी आकाराप्रमाणे निवडला जाण्याआधी गाठावा, कारण निवडल्यानंतर मोजलेल्या क्रेटमधून फक्त व्यापाऱ्याची आवड कळते. वरच्या मोठ्या वाकट्या उचलण्याचा मोह होतो. म्हणून वरून, मधून आणि तळातून सारख्या उचलाव्यात. बर्फात दुमडून भरलेली वाकटी फळीवर सरळ करताना तिचा चांदीसारखा वर्ख हाताला लागतो आणि बोटे घसरतात, तेव्हा खडबडीत गोणपाटाचा तुकडा जवळ असावा. एकाने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे. ओल्या हाताने लिहिलेले पान आठवड्यात वाचता येत नाही.

लांबी मोजताना शेपटीच्या टोकापर्यंत मोजू नये. काळ्या वाकटीला शेपटीचा पर असल्याने तिची पूर्ण लांबी मोजता येते. आपल्या वाकटीचे दोऱ्यासारखे शेपूट जाळ्यात, क्रेटमध्ये किंवा दुसऱ्या वाकटीच्या दातांखाली तुटलेले असते, आणि तुटल्यानंतर जखम भरून ते पुन्हा गुळगुळीत दिसते, त्यामुळे तुटले आहे हे कळतही नाही. म्हणून खालच्या जबड्याच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजावे. फळीवर पट्टी खिळवून तिच्या एका टोकाला उभी लाकडी पट्टी ठोकली की जबडा तिला टेकवून लगेच माप घेता येते. ज्यांच्याकडे एकूण लांबीचे जुने आकडे आहेत, त्यांनी शेपूट शाबूत असलेल्या शंभरएक वाकट्यांची दोन्ही मापे घेऊन एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे प्रमाण आपल्याच बंदरासाठी काढून ठेवावे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून देण्यात आली आहे. वाकटी त्यात बसते की नाही आणि कोणत्या मापाने, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयातून मूळ आदेश पाहून लिहून घ्यावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

सरासरी लांबी दरवर्षी थोडी थोडी उतरत असेल आणि दिवसाची आवक मात्र तीच असेल, तर वजन भरून काढायला आता अधिक पिल्ले लागत आहेत असा त्याचा अर्थ होतो. एकूण टनांचा तक्ता हे कधीच दाखवणार नाही.

गाबोळीची नोंद घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. मासळी कापून विकणाऱ्या बायकांना कोणत्या महिन्यात कोणत्या मापाच्या वाकटीत गाबोळी निघते हे तोंडपाठ असते. दर पंधरवड्याला त्यांच्याकडून वीस वाकट्यांचे पोट पाहून घ्यावे: गाबोळी आहे की नाही, पोटात काय आहे. पोटात कधी जवळा निघतो, कधी बारीक मासे, आणि कधी वाकटीचीच पिल्ले; ही जात आपल्याच पिल्लांना खाते. या बायकांची नावे वहीत माहिती देणाऱ्यांच्या यादीत यावीत. आजवरच्या बहुतेक नोंदींत ती आलेली नाहीत, ही मला मोठी त्रुटी वाटते.

सुक्या वाकटीचे वजन वेगळ्या रकान्यात लिहावे. वाळताना माशाचे वजन बरेच घटते, आणि ओली व सुकी एकत्र धरली की हिशोबाला अर्थ उरत नाही.

वर्षांची जुळणी

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे कॅलेंडर वर्षाचे असतात, राज्य शासनाचे एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे. आपल्या बोटींचे खरे वर्ष मात्र पावसाळ्याची बंदी उठल्यावर सुरू होते आणि मे अखेर संपते. तिन्ही तक्ते एकाशेजारी एक ठेवून ‘आकडे जुळत नाहीत’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. आपली वही हंगामाप्रमाणे ठेवावी, पण महिन्याची बेरीज स्वतंत्र करावी, म्हणजे कोणत्याही वर्षाशी जुळवता येते. संस्थेचा आकडा प्रत्येक टोपली मोजून आलेला नसतो, हेही जाणून असावे; निवडक बंदरांवर निवडक दिवशी नमुने घेऊन तो अंदाज बांधला जातो. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण एका तालुक्यातील एका वर्षाच्या चढउतारावर त्यातून निष्कर्ष काढणे म्हणजे तिच्यावर नको तेवढे ओझे टाकणे होय. एका वर्षाचा आकडा घेण्यापेक्षा तीन वर्षांची सरासरी घ्यावी, आणि दरवर्षी सर्वांत जुने वर्ष काढून नवे घालावे.

दराचीही नोंद याच ठिकाणी उपयोगी येते. आपल्या वाकटीचा मोठा भाग चीनला जातो, म्हणून तिकडची मागणी बदलली की बोटी वाकटीकडे वळतात किंवा तिच्यापासून दूर जातात. काळ्या वाकटीच्या बाबतीत बाजाराची आणखी एक बाजू आहे: ती खोल पाण्यातील शिकारी मासा असल्याने तिच्यात पाऱ्याचे प्रमाण तपासावे लागते, आणि युरोपीय संघाने तिच्यासाठी किलोमागे एक मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. निर्यातीच्या पाहणीत एखादा माल परत आला तर पुढच्या महिन्यांत आवक घटते. ती घट समुद्रातली नसते.

एका हंगामाच्या वहीवरून कल सांगता येत नाही, तीन हंगामांवरून शंका घेता येते, आणि पाच-सहा हंगाम झाले की आवक, दिवसाची आवक, लांबी आणि मासळीसाठी जावे लागलेले अंतर या चार रेषा एकाच कागदावर काढून सोसायटीच्या सभेत मांडता येतात. चारांपैकी तीन रेषा एकाच बाजूला झुकत असतील तरच ठाम बोलावे. मूळ वही सोसायटीत ठेवावी आणि एक प्रत मत्स्य संशोधन करणाऱ्या जवळच्या केंद्राला द्यावी. प्रत्येक हंगामाचे शेवटचे पान बंद करण्याआधी त्या वर्षी पहिली बोट कोणत्या तारखेला बाहेर पडली, वादळामुळे बोटी किती दिवस बंदरात बांधून राहिल्या, आणि खलाशी वेळेवर आले की नाही, एवढे तीन ओळींत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवताना सर्वांत आधी तेच पान उघडावे लागते.